हनोईत पहिल्यांदा उतरताय? पहिले चोवीस तास असे लावा

व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईला, मी दोनदा गेले. पहिल्यांदा मैत्रिणीबरोबर आणि दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन. पहिल्या वेळी आम्ही "बघू तिथे गेल्यावर" असं म्हणत उतरलो आणि विमानतळाच्या दारातच एका टॅक्सीवाल्याने जवळजवळ तिप्पट पैसे घेतले, हॉटेलवर पोचलो तर रूम दुपारी मिळणार, फोनला नेट नाही, खिशात सुट्टे नाहीत, भूक तर इतकी लागलेली आणि पाटीवर काय लिहिलंय ते एक अक्षर कळत नाही. तो अख्खा दिवस चिडचिडीत गेला. दुसऱ्या वेळी आई-बाबा बरोबर होते म्हणून मी सगळं आधी बसून लावलं, आणि तेच शहर, तीच गर्दी, तेच हॉर्न, पण बाबा संध्याकाळी म्हणाले की इथे तर महिनाभर राहता येईल.

म्हणून हे लिहितेय. काय बघायचं याच्या याद्या ढिगाने मिळतात, पण उतरल्यावर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही. आणि माझा अनुभव असा की पहिला दिवस नीट गेला तर पुढची ट्रिप आपोआप रुळावर येते.

निघायच्या आधी : व्हिसा

व्हिसा घरी बसून ऑनलाइन मिळतो. एकदाच आत जायचं असेल तर २५ डॉलर, पुन्हा पुन्हा आत-बाहेर करायचं असेल तर ५० डॉलर, आणि ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा देतात. मध्येच कंबोडियाला अंकोरवाट बघून परत व्हिएतनाममध्ये यायचं असेल तर ५० वालाच घ्या, एकदाचा व्हिसा बाहेर पडलात की संपला. सरकारी साइटचा पत्ता "इव्हिसा डॉट जीओव्ही डॉट व्हीएन". सर्च केलं की वरती चार-पाच एजंटांच्या साइट येतात, दिसायला अगदी सरकारी, आणि त्या दुप्पट-तिप्पट पैसे लावतात. शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन आहे का तेवढं बघा आणि मगच कार्ड नंबर टाका.

आता नाव. आपल्या मराठी लोकांची सगळ्यात जास्त गडबड इथे होते. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत असतं आणि दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं. फॉर्म भरताना लोक सवयीने वडलांचं नाव गाळतात किंवा आडनाव आधी-नंतर करतात. व्हिसा येतो, फी जाते, आणि मग मुंबईच्या काउंटरवर कळतं की व्हिसावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही. तिथे कोणी ऐकून घेत नाही. म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर बघत भरा, घरात कोणी काय हाक मारतं ते विसरा. पासपोर्ट नंबर दोनदा तपासा, आणि दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. मी आईचा फॉर्म भरताना बाबांना वाचायला बसवलं होतं आणि त्यांनी खरंच एक चुकलेला आकडा पकडला.

तारखेचं पण बघा. विमान रात्री साडेअकराला निघत असेल तर तुम्ही उतरणार दुसऱ्या तारखेला, आणि व्हिसावर आत जायची तारीख असते ती उतरायची. तारखेच्या आधी आत घेत नाहीत, नंतर गेलं तर चालतं. पासपोर्टला अजून सहा महिने तरी बाकी असायला हवेत. व्हिसाला सरकारी हिशोबाने तीन कामाचे दिवस लागतात पण प्रत्यक्षात लांबतं, त्यामुळे तीन आठवडे आधी भरून टाका. आला की दोन प्रिंट काढा, एक बॅगेत आणि एक हातात.

कधी जायचं हे थोडक्यात सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात छान. डिसेंबर ते फेब्रुवारी हनोईत खरी थंडी पडते, १५ डिग्रीच्या आसपास आणि वर भुरभुर पाऊस, म्हणजे व्हिएतनाम म्हणून नुसते टी-शर्ट भरून गेलात तर कुडकुडाल. जून ते ऑगस्ट घामाच्या धारा, आणि पावसाळ्यात वादळंही येतात. त्यांचं नवं वर्ष, तेत, जानेवारी-फेब्रुवारीत येतं (२०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे), तेव्हा दुकानं, खानावळी, ऑफिसं सगळं बंद असतं आणि लोक गावी गेलेले असतात, आपल्याकडे गणपतीत मुंबईतून कोकणात जातात तसे. पहिल्यांदा जाणाऱ्याने ते दिवस टाळलेले बरे.

निघायच्या आधी : फोन आणि कार्ड

ग्रॅब नावाचं अ‍ॅप भारतात असतानाच टाका आणि आपल्या नंबरवर रजिस्टर करून ठेवा, कारण त्याला ओटीपी लागतो आणि तिथे जाऊन नवीन सिम घातल्यावर आपला नंबर बंद असला तर ओटीपी येणार कुठे. हे आपलं ओला-उबर, गाडी पण मिळते आणि बाइकवर मागे बसूनही जाता येतं. त्याच्याबरोबर सान एसएम नावाचं अजून एक अ‍ॅप आहे, त्यांच्या सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक, निळसर हिरव्या रंगाच्या, स्वच्छ असतात. दोन्ही ठेवा, एकावर गाडी नाही मिळाली तर दुसऱ्यावर मिळते.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचं इंटरनॅशनल वापर चालू करा, एटीएमचं वेगळं बटण असतं तेही. आपलं यूपीआय तिथल्या क्यूआरवर चालेल या भरवशावर जाऊ नका. भारतातलं सिम फेकू नका, फोनमध्ये दुसऱ्या खोबणीत राहू द्या, बँकेचे मेसेज त्यावरच येणार. गुगल ट्रान्सलेटमध्ये व्हिएतनामी भाषा डाउनलोड करून ठेवा, नेट नसलं तरी कॅमेऱ्याने पाटी वाचता येते. हॉटेलचा पत्ता त्यांच्या लिपीत, सगळ्या टिंब-टोप्यांसकट, स्क्रीनशॉट काढून ठेवा. टोप्या बदलल्या की शब्दच बदलतो, ड्रायव्हरला नुसतं तोंडाने सांगून उपयोग होत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. आपली तीन जाड पिनांची प्लग तिथे बसत नाही. दोन बारीक गोल पिनांची मोबाइल चार्जरची बसते, पण बाबांच्या मशीनला (ते झोपताना श्वासाचं मशीन लावतात) तीन पिनांची होती, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर घेऊन गेलो होतो म्हणून निभावलं. घरात कोणाचं असं मशीन असेल तर आधी बघून घ्या.

नोई बाय विमानतळावर

विमानतळाचं नाव नोई बाय, आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ ला लागतात. घड्याळ दीड तास पुढे करा. इमिग्रेशनला पासपोर्ट आणि व्हिसाची प्रिंट द्यायची, फार काही विचारत नाहीत. सकाळी चार-पाच विमानं एकदम उतरली तर रांगेत तासभर जातो, तेव्हा विमानातच बाथरूमला जाऊन घ्या आणि आई-बाबांना पाणी पाजून ठेवा.

सामान घेऊन बाहेर आलात की क्रम असा ठेवा : आधी थोडे पैसे, मग सिम, मग गाडी. उलटं केलं की अडकता.

पैसे तिथे सगळे बदलायचे नाहीत. भारतातून डॉलर न्या, कोऱ्या, न दुमडलेल्या, न लिहिलेल्या नोटा, कारण जराशी फाटकी किंवा पेनाची खूण असलेली नोट घेत नाहीत. रुपये नेऊ नका, भाव फार वाईट मिळतो. विमानतळावर ५० डॉलर बदला, बाकी शहरात बँकेत किंवा परवाना असलेल्या काउंटरवर. एटीएम पण आहेतच, प्रत्येक वेळी चार्ज लागतो म्हणून एकदाच थोडी जास्त रक्कम काढा. मशीनने स्क्रीनवर "तुमच्या चलनात हिशोब करू का" असं विचारलं तर नाही म्हणा, त्यात भाव मारतात.

सिमसाठी बाहेर येताच काउंटर आहेत. व्हिएटेल, व्हिनाफोन, मोबीफोन या तीन मोठ्या कंपन्या. पासपोर्ट दाखवावा लागतो. काउंटरवरच्या मुलीकडूनच घालून घ्या, नेट चालू झालेलं स्वतः बघा आणि मगच हला. जुनं सिम काढलं तर ती एवढुशी वस्तू कुठेतरी पडते, मी ती पासपोर्टच्या कव्हरमध्ये सेलोटेपने चिकटवते.

आता गाडी. जुनं शहर, म्हणजे बहुतेकांचं हॉटेल असतं तो भाग, तिथून साधारण २५-३० किलोमीटर. दारातून बाहेर पडलात की लोक "टॅक्सी, टॅक्सी" करत येतात, काहींच्या हातात फोनवर ग्रॅबचं चित्रही उघडलेलं असतं, "मीच तुमचा ग्रॅब" म्हणतात. खरा ग्रॅबवाला तुम्हाला शोधत असा दारात येत नाही, तुमच्या अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर येतो, तो नंबर आणि समोरची नंबरप्लेट जुळली तरच बसायचं. बॅग कोणाच्या हातात देऊ नका, बॅग डिकीत गेली की भाव त्यांचा. पहिल्या वेळी आमचं तेच झालं होतं, बॅग आधी गेली आणि आकडा नंतर कळला.

ग्रॅबने साधारण अडीच ते साडेतीन लाख डोंग होतात (डोंग हे तिथलं चलन, लाख ऐकून घाबरू नका, रुपयांत हजाराच्या आत-बाहेर), पाऊस किंवा गर्दीची वेळ असेल तर जास्त. एकटे-दुकटे असाल आणि सामान कमी असेल तर ८६ नंबरची बस घ्या, ती विमानतळावरून जुन्या शहराच्या कडेने रेल्वे स्टेशनपर्यंत जाते, तिकीट साधारण ४५ हजार डोंग, म्हणजे दीडशे रुपये. ज्येष्ठ मंडळी असतील तर सरळ गाडी. किंवा हॉटेललाच आदल्या दिवशी गाडी पाठवायला सांगा, थोडे जास्त लागतात पण नावाची पाटी घेऊन माणूस उभा असतो आणि पहाटे चारला उतरणाऱ्यासाठी त्याची किंमत फार आहे. मी दुसऱ्या वेळी तेच केलं.

शून्यांचा हिशोब

यावर जरा थांबते, कारण पैसे सगळ्यात जास्त इथे जातात. सोपी युक्ती : शेवटची तीन शून्यं काढायची आणि साडेतीनने गुणायचं. ४० हजारची कॉफी म्हणजे ४० गुणिले साडेतीन, १४० रुपये. भाव थोडा वर-खाली होतो पण अंदाज बरोबर येतो. दुकानदार पण तोंडाने शून्यं गाळतात, "फिफ्टी" म्हणाला की ५० हजार. आणि फिफ्टी की फिफ्टीन हे कानाला सारखंच ऐकू येतं, म्हणून नेहमी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायला सांगा. ते स्वतःच कॅल्क्युलेटर पुढे करतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

नोटा. दहा हजार आणि त्याच्या वरच्या सगळ्या प्लास्टिकच्या असतात, सगळ्यांवर त्यांचे राष्ट्रनेते हो ची मिन्ह यांचाच चेहरा, त्यामुळे चेहरा बघून काही कळत नाही. वीस हजार आणि पाच लाख या दोन्ही निळसर. अंधारात, घाईत, टॅक्सीतून उतरताना वीस हजार समजून पाच लाख दिले जातात, म्हणजे ७० रुपयांच्या जागी १७५० रुपये. मागची बाजू बघायची सवय लावा : वीस हजारावर होई आन या शहरातला छप्पर असलेला पूल आहे, पाच लाखावर झाडीतलं घर, हो ची मिन्ह यांचं गावचं. शिवाय पाच लाखाची नोट आकाराने मोठी. आम्ही बाबांना पाच लाखाच्या नोटा वेगळ्या पाकिटात दिल्या आणि वरच्या खिशात फक्त पन्नास हजारापर्यंतच्या, प्रश्नच मिटला. आणि पाच लाखाची नोट देताना तोंडाने "पाच लाख" म्हणत द्या, म्हणजे नंतर "तुम्ही वीस हजारच दिलेत" असं होत नाही.

हॉटेलवर

पहाटे उतरणारं विमान असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा : रूम दुपारी दोनला मिळते. एकतर आदल्या रात्रीचं पण बुकिंग करा, किंवा हॉटेलला मेसेज करून लवकर रूम देतील का विचारा. बरीच छोटी हॉटेलं घरच्या घरी चालवलेली असतात, रूम मोकळी असेल तर देतात, नसेल तर बॅगा ठेवून घेतात, बाथरूम वापरू देतात. पासपोर्ट मागतात, कारण पाहुण्यांची नोंद करणं त्यांना कायद्याने लागतं. नोंद झाली की परत घ्या, आठवणीने.

रूम बुक करताना "खिडकी आहे का" हे नक्की विचारा. जुन्या शहरातली घरं पुढून अगदी अरुंद आणि मागे लांबच लांब असतात, आपल्या वाड्यांच्या बोळासारखी, त्यामुळे मधल्या खोल्यांना खिडकीच नसते. आणि लिफ्ट विचारा. आई-बाबांसाठी हे आधी विचारलं म्हणून बरं, नाहीतर पाचव्या मजल्यावर अरुंद जिन्याने चढावं लागलं असतं. चांगली बातमी अशी की बाथरूममध्ये आपल्यासारखा जेट असतो, टमरेलाची काळजी नाही. नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचंच.

रस्ता ओलांडणं

आता खरी गोष्ट. हनोईत रस्ता ओलांडणं ही शिकायची गोष्ट आहे आणि शिकलात की शहर तुमचं.

आधी एक : तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. आपली मान जन्माची सवय म्हणून आधी उजवीकडे वळते, तिथे आधी डावीकडे बघायचं. मग उजवीकडे पण बघायचंच, कारण स्कूटर उलट्या बाजूने, फुटपाथवरून, कुठूनही येते.

होआन किएम तळ्याच्या वरच्या टोकाला एक मोठा चौक आहे, चारी बाजूंनी स्कूटरचा नुसता पूर. आम्ही तिथे उभे. आई माझा दंड घट्ट धरून, "अगं थांब ना, जरा मोकळा होऊ दे रस्ता." रस्ता मोकळा होतच नाही. पाच मिनिटं झाली. तेवढ्यात शेजारून एक बाई आली, साठीच्या पुढची, खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंच्या टोपल्यांत पेरू, आणि ती थांबलीच नाही. फुटपाथवरून खाली उतरली त्याच चालीने चालत राहिली, ना घाई ना थांबणं, आणि स्कूटर तिच्या पुढून-मागून अशा निघून जात होत्या जसं ओढ्यातल्या दगडाच्या दोन्ही बाजूंनी पाणी जातं. मी आईला म्हटलं, चल, हिच्या मागे. आई डोळे मिटायच्या बेतात होती, पण चालली. पलीकडे पोचल्यावर बघते तर आईच्या नखांचे व्रण माझ्या दंडावर, आणि आई म्हणते, "परत जाऊया का एकदा?"

नियम एवढेच. एका चालीने हळू चाला. मध्ये थांबू नका, मागे फिरू नका, धावू तर अजिबात नका, कारण स्कूटरवाल्याने तुमच्या चालीचा अंदाज घेऊन आपली वाट ठरवलेली असते, तुम्ही अचानक काही केलंत की त्याचा अंदाज चुकतो. हात थोडा खाली, पंजा त्यांच्या दिशेने, म्हणजे दिसता. फोन खिशात. तिघं-चौघं असाल तर रांगेने नाही, शेजारी-शेजारी चाला. आणि मुख्य म्हणजे हे फक्त स्कूटरसाठी. कार, बस आणि ट्रक तुमच्यासाठी वळत नाहीत, ते येत असतील तर त्यांना जाऊ द्या. पहिल्यांदा एखाद्या स्थानिक आजीच्या मागे जा, सगळ्यात सुरक्षित. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर शुक्रवारी उतरायचं तिकीट काढा, पहिलाच दिवस निवांत जातो.

स्वतः स्कूटर भाड्याने घेऊ नका. दुकानदार लायसन्स मागत नाही म्हणून लोक घेतात. पण भारतात मिळणारं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या करारातलं आहे आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातलं मानतं, म्हणजे ते तिथे चालत नाही. पोलिसांचा दंड तर आहेच, २०२५ पासून तिथले ट्रॅफिकचे दंड फार वाढलेत, पण खरी भीती वेगळी आहे : अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्स पैसे देत नाही, कारण तुम्ही लायसन्सशिवाय चालवत होता. ग्रॅब बाइकवर मागे बसा, हेल्मेट ते देतात, छोट्या अंतराला ५०-८० रुपयांत काम होतं.

खाणं

शाकाहारी लोकांसाठी एक शब्द : "चाय". लिहितात वेगळं पण कानाला असंच येतं आणि त्याचा अर्थ शाकाहारी. "तोय आन चाय" म्हणजे मी शाकाहारी जेवते. हा शब्द बौद्ध परंपरेतला आहे, त्यामुळे ज्या खानावळीच्या पाटीवर तो लिहिलेला असतो तिथे मांस-मासे नसतातच, बहुतेक ठिकाणी अंडंही नसतं. चंद्राच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी या खानावळी भरून वाहतात, आपल्याकडे एकादशीला साबुदाणा खिचडीच्या गाडीवर असते तशी गर्दी. जमलं तर त्या दिवशी जा, पदार्थ जास्त असतात.

पण साध्या हॉटेलात नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. नुओक माम, म्हणजे माशाचा सॉस, तो त्यांच्या स्वयंपाकात मिठाच्या जागी पडतो. तुम्ही भाजी मागितली तरी ते तो घालतील आणि त्यांच्या दृष्टीने भाजीच दिली. म्हणून फोनवर लिहूनच ठेवा : खोंग थित, खोंग का, खोंग नुओक माम. खोंग म्हणजे नाही, थित मांस, का मासा. फो म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप, ते तर हाडांच्या रसातच शिजतं, त्यातून तुकडे बाजूला काढून शाकाहारी होत नाही. जैन मंडळी असतील तर पहिल्या दिवसाचे ठेपले-दशम्या घरून न्याच.

मांसाहारी लोकांसाठी : "बो" म्हणजे गाय-बैलाचं मांस, "गा" म्हणजे कोंबडी (हे पाठ करा, उलटं होतं डोक्यात), "लोन" डुक्कर, "तोम" कोळंबी. फो बो आणि फो गा या दोन पाट्या शेजारी शेजारी असतात. बुन चा हा हनोईचा खास पदार्थ डुकराच्या मांसाचा आहे. बान्ह मी म्हणजे पाव, आत अंडं घालून मागा, "बान्ह मी चुंग", पण पावाला आधी आतून जो लेप लावतात तो बहुतेक वेळा डुकराच्या कलेजीचा असतो, तो नको असेल तर "खोंग पाते" म्हणा.

आणि अंड्याची कॉफी प्या. १९४६ च्या सुमारास दूध मिळेना तेव्हा इथल्या एका बारटेंडरने पिवळा बलक फेटून कॉफीवर घातला, त्यांच्या घरच्यांचं दुकान अजून न्गुयेन हुउ हुआन रस्त्यावर आहे, अरुंद बोळातून आत जायचं. छोटी वाटी गरम पाण्याच्या भांड्यात बसवून देतात. आईने आधी नाक मुरडलं, अंड्याचा वास येणार म्हणून. वास येत नाही, शिरखुर्म्यासारखं गोड-दाट काहीतरी लागतं आणि खाली कडक कॉफी.

रस्ते शोधणं आणि फसवणूक

जुन्या शहरात एकच सरळ रस्ता दर दोनशे-तीनशे मीटरला नाव बदलतो. बहुतेक नावांत "हांग" असतं, म्हणजे माल. हांग बाक चांदीवाल्यांचा, हांग थिएक पत्र्याच्या कामाचा, हांग मा कागदी सामानाचा. पुण्याची तांबट आळी, बोहरी आळी माहीत असेल तर लगेच कळेल. हांग थिएकला अजून पत्रा ठोकण्याचा आवाज येतो, दहा मिनिटं तिथे नुसतं उभं राहा. पत्त्यात तिरकी रेघ दिसली, म्हणजे २५/६ असं, तर त्यातला एक आकडा बोळाचा आणि दुसरा आतल्या घराचा, रस्त्यावर शोधत बसू नका.

फसवाफसवी मोठी नसते, छोटी असते. कोणी चालता चालता तुमच्या चपलेला डिंक लावायला खाली बसला तर पाय मागे घ्या आणि चला, नाहीतर भलताच आकडा सांगेल. फळवाली कावड तुमच्या खांद्यावर ठेवून फोटो काढायला लावते आणि मग फळं घ्यायलाच लागतात. सायकलरिक्षाचा भाव आधी ठरवा, माणशी की सगळ्यांचा, डोंगमध्ये की डॉलरमध्ये, लिहून घ्या. रेल्वेच्या रुळांवरच्या कॅफेची गल्ली प्रसिद्ध आहे पण ती पोलिसांनी अनेकदा बंद केलीय, अडवलं तर वाद घालू नका, आणि आत गेलात तर गाडी येताना कॅफेवाली सांगेल तिथेच भिंतीला चिकटून बसा.

फोनमध्ये हे नंबर ठेवा : पोलीस ११३, आग ११४, अ‍ॅम्ब्युलन्स ११५. आणि भारतीय वकिलातीचा नंबरही निघायच्या आधी त्यांच्या साइटवरून घ्या.

हो ची मिन्ह यांची समाधी बघायची असेल तर ती फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. ती दुसऱ्या दिवशी ठेवा.

पहिली संध्याकाळ

पहिल्या दिवशी दुपारी दोन तास झोपा, आणि संध्याकाळी फक्त तळ्याभोवती एक फेरी. त्याच्या पलीकडे काही ठरवू नका. पावणेदोन किलोमीटरची वाट आहे, झाडाखाली म्हातारे पट खेळत असतात, लाल रंगाचा लाकडी पूल ओलांडून देवळात जाता येतं.

लोकांशी बोलताना नावाने नाही, नात्याने हाक मारतात तिथे, अगदी आपल्यासारखं. मोठ्या बहिणीला ची, मोठ्या भावाला आन्ह, लहानाला एम, आणि पुढे "ओय" लावायचं. "ची ओय" म्हणजे "ओ ताई". वेटरला टिचकी किंवा "हॅलो" नाही, ची ओय. चेहरा लगेच बदलतो समोरच्याचा.

फेरी झाल्यावर बाबांचे पाय दुखायला लागले म्हणून एका कोपऱ्यावर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर टेकलो. एक बाई ॲल्युमिनियमची किटली, बर्फाचा डबा आणि काचेचे चार ग्लास घेऊन बसलेली. मी फोन काढून भाषांतर शोधतेय तोवर आई तिच्याकडे बघून दोन बोटं दाखवून म्हणाली, "ची ओय, दोन चा." आणि त्या बाईने मान हलवून दोन ग्लास भरले. हनोईत चहाला चाच म्हणतात. बर्फाचा, बिनदुधाचा, थोडा कडवट, दोघांचे मिळून दहा हजार डोंग.